नखभर साक्ष

१

बाळं वाढत नव्हती.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, तेही आवाज न चढवता. अपुऱ्या दिवसांची, ओंजळीत मावतील एवढी बाळं. दूध ओढायची ताकद नाही, म्हणून वाढीला लागणारं सगळं सलाईनमधून शिरेत सोडायचं. ताप नव्हता, जंतू नव्हते, सलाईन थेंब थेंब चालू होतं, आणि वजनकाटा मात्र हट्टाला पेटल्यासारखा तिथल्या तिथे.

"अंगाला लागतच नाहीये काही," त्या म्हणाल्या. "तुमचा नवा माल आल्यापासनं. बंद करावं तर दुसरं द्यायला हाताशी काही नाही, चालू ठेवावं तर हे असं. नक्की काय बिघडलंय तेवढं शोधा, बाई. लवकर."

फोन धाकटीने घेतला होता. सलाईन बनवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये ती सगळ्यांत उशिरा आलेली, म्हणून धाकटी; घरी एका पोरीची आई झाली तरी इथे धाकटीच. सलाईनमध्ये पडणारी ती पावडर, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारं एक अमिनो आम्ल, तिनेच तपासली होती. 'योग्य' असा शेरा मारून खाली सही ठोकली होती.

तिने हात धुतले, कपाटात राखून ठेवलेली पुडी काढली आणि तपासणी पुन्हा लावली. पडद्यावर एकच सुळका उठला. लॅबमध्ये सगळे त्याला 'पीक' म्हणत, धाकटीला सुळका म्हणायला आवडायचं. देखणा, सरळ, जिथे असायला हवा तिथेच. पावडर शुद्ध होती.

म्हणजे चूक कुठेच नव्हती, आणि बाळं वाढत नव्हती.

२

औषध-खात्याचे निरीक्षक आले ते जिना चढून धापा टाकतच. पोट सुटलेलं, बोलणं सावकाश, आणि सारखा चष्मा पुसायची खोड.

"सही कुणाची?"

"माझी."

"मग पहिलं नाव तुमचंच लिहावं लागणार. वाईट वाटून घेऊ नका, कागदाला सहीपलीकडचं दिसत नाही." ते स्टुलावर टेकले. "आता हे यंत्र मला समजावून सांगा. शाळेत रसायनात मी काठावर पास झालेला माणूस, तेव्हा जरा दमाने."

धाकटीने यंत्राच्या भट्टीचं दार उघडलं. आत तारेच्या पिंजऱ्यावर तपकिरी दोऱ्यासारखं काहीतरी गोल गोल गुंडाळलेलं होतं.

"हा कॉलम. काचेची नळी आहे. जाडी केसापेक्षा थोडी जास्त, आणि आतून पोकळ. सरळ केली तर आपल्या गच्चीवरून सोडून खाली रस्त्यावर वेटोळी घालून उरेल."

निरीक्षकांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. "पोकळ? हे?"

"पोकळ. आणि आतल्या भिंतीला पॉलिमरचा लेप आहे, लांबच लांब साखळ्यांचा, दाट तेलासारखा. सगळी करामत त्या लेपाची. पावडरीवर थोडी प्रक्रिया करून तिची वाफ होईल असं करायचं, आणि ती वाफ या नळीत सोडायची. हेलियम तिला पुढे ढकलत नेतो."

"आणि पलीकडून काय निघतं?"

"आमच्या द्रव्याची दोन रूपं असतात, साहेब. तेच अणू, तितकेच, त्याच क्रमाने जोडलेले. वजन एक, वितळणं एक. फरक एवढाच, की एक डाव्या पायाचा बूट आणि दुसरा उजव्या पायाचा."

"तो फरक माझ्या नातवाला अजून कळत नाही."

"माझ्या पोरीलाही नाही, उलटे घालून घरभर दुडदुडते. पण पायाला कळतो ना. या लेपाच्या साखळ्यांवर जागोजाग बारीक डावे पाय बसवलेत असं समजा. उजवा बूट आला की नुसता घासून पुढे जातो. डावा आला की पायात बसतो. क्षणभर थांबतो, सुटतो, पुढच्या पायात बसतो. एकेक थांबणं म्हणजे काहीच नाही. पण वाटेत असे पाय किती, याला गणतीच नाही. शेवटी उजवे आधी बाहेर पडतात आणि डावे मागून. दोन सुळके. मधे स्वच्छ मोकळी जागा."

हे तिने कितीतरी जणांना सांगितलं होतं, तरी सांगताना दर वेळी अंगावर काटा यायचाच. ज्या दोघांना कुठली नजर वेगळं ओळखणार नाही, त्यांना अंधारातला एक लेप ओळखतो, तोही नुसत्या स्पर्शाने.

"आपल्याला यातलं कुठलं लागतं?"

"डावं. आपण सगळेच डाव्याचे बनलोय. झाड, मुंगी, तुम्ही, मी. असं का, ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही."

"आणि उजवं शरीरात गेलं तर?"

"विष नाही ते. पण अंगाला लागत..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"पण आमची पावडर डावीच आहे," धाकटी घाईने म्हणाली. "मागचा सुळका येतोय. स्टँडर्ड, म्हणजे शंभर टक्के डावं म्हणून राखलेली बाटली, तिच्याशीही तंतोतंत जुळतो. उलट हल्ली सुळके जास्त रेखीव येतात. आधी त्यांच्या शेपट्या ओघळायच्या. आता किंचित उशिरा येतात, पण येतात कसे, सुईसारखे."

निरीक्षकांनी हे लिहून घेतलं नाही. "पडताळायला दुसरं काही?"

"द्रव्य प्रकाश कुठल्या बाजूला वळवतं ते बघायचं एक जुनं उपकरण आहे. दुरुस्तीला गेलंय."

"आणि या कपाटाच्या किल्ल्या?"

"चौघांकडे," ती म्हणाली. "मला धरून."

३

चौघांपैकी पहिले, कच्चा माल विकत घेणारे खरेदीकाका, आले तेच हसत. "मी काय बघणार, साहेब? पोतं बघतो, पोत्यावरचं नाव बघतो, भाव बघतो. बायकोने एकदा साखरेच्या डब्यात मीठ भरलं, मी अख्खा कप चहा पिऊन 'छान झालाय' म्हणालो. माझ्या जिभेची ही कथा, तर माझ्याकडे पावडरीची काय परीक्षा असणार."

"हा नवा कारखाना कुणी सुचवला?"

"सुचवला असेल कुणीतरी, इथे सगळेच सुचवतात. भाव चांगला होता, लॅबने पास केलं. लॅबने पास केल्यावर मी कोण बोलणार?" त्यांनी धाकटीकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू जरा आखडलं.

"भाव एवढा चांगला कसा?"

"ते म्हणे दोन्ही रूपं एकदम बनवतात, मग वेगळी करतात. डावं विकतात."

"आणि उजवं?"

"उजव्याला कोण विचारतंय? फेकत असतील."

मोठ्या बाईंना मात्र हसू आलं नाही. निवृत्त होऊनही त्या रोज सकाळी येऊन आपल्या जुन्या टेबलाशी बसत. हा कॉलम त्यांनी घडवला होता. पॉलिमर स्वतः शिजवलं, साखळीला ते बारीक डावे पाय स्वतः जोडले, नळीत लेप स्वतः चढवला.

"माझ्या कॉलमवर संशय?" त्या धाकटीलाच म्हणाल्या, निरीक्षक तिथे नसल्यासारख्या. "पोरी, तुझ्या लग्नाच्या आधीपासून तो काम करतोय. तू चुकशील, मी चुकेन. तो नाही चुकायचा."

"असा एकच आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. "दोन केले होते. दुसरा उजव्या पायांचा. हौस म्हणून. निसर्गाने जे केलं नाही ते करून बघावंसं वाटलं. त्याच्यावर सगळा क्रम उलटा येतो, डावं आधी आणि उजवं मागून. तो कधी यंत्राला लावला नाही. कपाटात आहे."

धाकटीने कपाट उघडलं. वरच्या फळीवर पिंजरा होता, पिंजऱ्यावर नळी होती, नळीला बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: उजवा.

"बघ," बाई म्हणाल्या.

राहिला दादा, लॅबमधला जुना माणूस, म्हणून सगळ्यांचा दादा. यंत्र चालवायला धाकटीला शिकवलं ते दादाने. सुई कशी धरायची, भट्टी कशी हळूहळू तापवायची, पडद्यावरच्या रेघेकडे बघून नळीची तब्येत कशी ओळखायची. घरून 'पोरीला ताप आलाय' असा फोन आला की तिच्या आधी तो उठायचा आणि म्हणायचा, "जा गं, मी बघतो इथलं."

"कॉलम मीच नीट केला, साहेब," दादा सहज म्हणाला. "ही रजेवर होती तेव्हा. पोर आजारी होती हिची. तोंडाकडचं टोक मळलं होतं, म्हणून सुळक्यांना शेपट्या यायला लागल्या होत्या. हातभर कापून टाकलं आणि परत बसवला. बघा आता कसे रेखीव येतात. सगळीकडे असंच करतात."

"हो," धाकटी म्हणाली. "सगळीकडे असंच करतात."

दादा गेल्यावर निरीक्षकांनी वही मिटली. "पावडर स्टँडर्डशी जुळते. स्टँडर्ड कॉलमशी जुळतं. कॉलम जागेवर आहे. सगळं सगळ्याशी जुळतंय, ताई, फक्त बाळं तेवढी जुळत नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. पुढे मला तुमचं नाव लिहावंच लागेल. आणि तिकडे वॉर्डात तेच सलाईन चालू राहील."

४

"नखं काप गं तिची," घरात पाऊल टाकताच सासूबाई म्हणाल्या. "गालावर ओरखडा काढून घेतलाय बघ. आणि तुझं तोंड का असं उतरलंय?"

"काही नाही, आई."

पोरीला मांडीवर घेऊन ती नखं कापू लागली. पोर गाणं म्हटल्यासारखं काहीतरी बडबडत होती. इवली बोटं, त्यांवर कागदाहून पातळ नखं. धाकटीचं मन मात्र लॅबमध्येच घुटमळत होतं. सगळं सगळ्याशी जुळतंय. समजा अख्खी खोलीच कुणी आरशात नेऊन ठेवली, भिंती, दार, घड्याळ, घड्याळाचे काटे सगळं उलटं केलं, तर आत बसलेल्याला कसं कळणार? त्याला सगळं सुलटंच दिसेल. एकट्या कॉलममध्ये फेरफार केला तर स्टँडर्ड चुगली करील. एकट्या स्टँडर्डमध्ये केला तर कॉलम करील. पण दोन्हींत केला तर?

राखलेल्या जुन्या पुड्या तपासाव्यात? त्याही त्याच कपाटातल्या. चार किल्ल्यांच्या कपाटातून आलेल्या कशाचीच साक्ष आता चालणार नव्हती. साक्ष अशाची हवी, जे त्या कपाटात कधी गेलंच नाही. ज्याच्यावर कुणी चिठ्ठी चिकटवलेली नाही. जे डावं आहे याची हमी कुठल्या कारखान्याने नाही, तर...

तिने तळहाताकडे पाहिलं. नखांच्या चार-दोन चंद्रकोरी पडल्या होत्या.

नख म्हणजे प्रथिन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि त्या माळेत तेही होतं, पावडरीतलं. पोरीच्या शरीराने एकेक मणी निवडून ओवलेलं.

"अगं, नखांकडे काय टक लावून बसलीस?" सासूबाई म्हणाल्या. "दे, टाकते."

"नको, आई. ती मला हवीत."

"मग काय चौकटीत लावणार?"

सकाळी तिने फक्त निरीक्षकांना सांगितलं. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आपला हात पुढे केला. "माझीही घ्या. सरकारी नख आहे, पण बघा चालतंय का." तिने आपला एक केसही घेतला. तिन्ही वेगवेगळ्या कुप्यांत तीव्र आम्लात शिजवून माळ सुटी केली, वाफ होण्याजोगी केली. यात दुपार कलली. मग पोरीची कुपी आधी लावली.

दोघंही पडद्यासमोर बसले. रेघ बराच वेळ सपाट चालली होती. मग त्या द्रव्याच्या जागेशी आली आणि उठली.

आधीच्या जागी. उजव्याच्या.

उंच, एकटा सुळका. मागे डाव्याच्या जागी नुसता उंचवटा, आम्लात शिजताना थोडं उलटतं तेवढाच. समोरचा पडदा सांगत होता की तिची पोर, मांडीवर बडबडणारी, उलट्या बाजूच्या मातीची आहे. जगातलं काही तिच्या अंगी लागणार नाही.

"ताई," निरीक्षक हळू आवाजात म्हणाले. "उरलेल्या दोन लावा."

तिने लावल्या. तिचा स्वतःचा सुळका तिथेच उठला. निरीक्षकांचाही तिथेच.

"म्हणजे आपण तिघंही उजवे?"

"नाही," ती म्हणाली. "आपण जसे आहोत तसेच आहोत. ही नळी उलटी आहे. भट्टीत आत्ता आहे तो बाईंचा हौसेचा कॉलम. चिठ्ठ्या बदलल्यात. स्टँडर्डच्या बाटल्यांच्यासुद्धा. आणि बाळांना आपण उजवं देतोय, त्या कारखान्यात फेकायला काढलेलं."

निरीक्षकांनी आधी वॉर्डात फोन लावला आणि ते सलाईन बंद करायला सांगितलं. तिकडून उत्तर आलं की काय बिघडलंय ते कळलं ना, मग दुसऱ्या गावाहून चांगली पावडर मागवून नवं सलाईन करा, तोवर भागवतो.

मग ते धाकटीकडे वळले. "हे करायला कॉलमची जाण हवी. त्या तुमच्या मोठ्या बाई..."

"बाई नाहीत," धाकटी म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण कोण ते त्याच क्षणी तिला कळलं होतं.

५

लॅबमध्ये चौघंही होते. निरीक्षक दाराजवळ उभे राहिले. बोलली ती धाकटीच.

"दादा, तू हातभर नळी कापलीस म्हणालास."

"कापली ना."

"वाट आखूड केली तर पोहोचायला वेळ कमी लागतो की जास्त?"

दादाची नजर भट्टीकडे गेली.

"तूच शिकवलंयस मला. कॉलम कापला की सगळे सुळके थोडे अलीकडे सरकतात. इथे ते पलीकडे सरकले. मी रोज बघत होते आणि रोज सोडून देत होते, कारण तू कापलाय म्हणालास, आणि तू म्हणालास म्हणजे ते तसंच. कापलेली नळी उशीर करत नाही, दादा. ही नळी दुसरीच आहे. कोरी, न मळलेली, म्हणून तर सुळके एवढे रेखीव येतायत."

मोठ्या बाई उठल्या. कपाटातून 'उजवा' लिहिलेला पिंजरा काढून त्यांनी नळीचं टोक उजेडात धरलं. जी कधी यंत्राला लागली नाही म्हणून त्या शपथेवर सांगत होत्या, तिच्या टोकाशी घट्ट आवळलेल्या नटाचा वळ होता.

"हा माझा डावा," त्या पुटपुटल्या. "याला उजवा म्हणून बसवून ठेवलाय इथे."

"आणि तो कारखाना तुम्ही सुचवलात," खरेदीकाका दादाकडे बघत म्हणाले. या वेळी त्यांना विनोद सुचला नाही.

दादा स्टुलावर बसला. "बहिणीच्या घरचा कारखाना आहे तो," तो म्हणाला. "मेहुणा बुडत होता. गोदामभर उजवं पडलेलं, कुणी फुकट घेईना. मला वाटलं, विष तर नाहीये. लघवीतनं निघून जाईल."

"बाळांना दुसरं काही मिळत नव्हतं, दादा."

"ते मला... तेवढं डोक्यात आलं नाही. मोठ्या माणसांचं सलाईन असतं ना, तेच डोळ्यांपुढे होतं." त्याने कपाळ चोळलं. "प्रकाशाचं उपकरण चांगलं होतं, मीच दुरुस्तीला धाडलं. तू रजेवरून आल्यावर विचारलंस, तेव्हा 'कापलं' तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं तेच करतोय, तेच आलं."

"आणि सही माझी का?"

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "कारण तू काळजी करतेस. दर वेळी स्टँडर्ड लावून बघितल्याशिवाय सोडत नाहीस. तू पास केलं की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही."

ज्या काळजीपायी धाकटी दार लावलं का म्हणून परत जिने चढायची, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, ती काळजीच त्याने कुलपासारखी वापरली होती. निरीक्षक पुढे आले आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेले. जाताना तो सवयीने भट्टीकडे वळला, तापमान बघितलं, आणि मग गेला.

६

डावा कॉलम बाईंनी स्वतःच्या हातांनी बसवला. दुसऱ्या गावाहून आलेली पावडर धाकटीने तपासली. स्टँडर्डच्या बाटलीवर तिचा भरवसा उरला नव्हता, म्हणून शेजारी पुन्हा पोरीचं नख लावलं. दोघांचे सुळके एकाखाली एक, एकाच जागी उठले. तिने सही केली.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. "इतकं केलंत, तर बघून तरी जा."

वॉर्ड उबदार होता आणि तिथे सगळे कुजबुजत बोलत. काचेच्या पेटीत एक बाळ निजलं होतं. त्याच्या हातात शिरलेली नळी धाकटीला तिच्या कॉलमएवढीच बारीक वाटली. कातडीखाली शिरांचं निळं जाळं दिसत होतं.

"हे सगळ्यांत आधी घसरायला लागलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याच्यावरूनच मी तुम्हाला फोन केला."

धाकटी बघत राहिली. बाईंसारख्या बुद्धीच्या माणसाला डावं-उजवं वेगळं काढायला अर्धं आयुष्य, एवढी लांब नळी आणि तो लेप लागला. एवढं करूनही चार किल्ल्या, चिठ्ठ्या आणि तिची सही, सगळ्या फसल्या. आणि हे, डोळेही धड न उघडलेलं, कुणी काही न शिकवलेलं. याच्या रक्तात थेंब पडत गेले आणि याने एकेक ओळखून नाकारला. रडायचीही ताकद नव्हती, तर नुसतं वाढायचं थांबून सांगितलं. पहिली फिर्याद याची होती. त्याच्याकडून ऐकलेलं लिहून घ्यायला बाकीच्यांना एवढा वेळ लागला.

"हात लावू का?" तिने विचारलं.

"धुऊन लावा."

तिने धुतले, दोनदा. काचेतल्या गोल खिडकीतून बोट आत घातलं. बाळाने ते पकडलं नाही. फक्त त्याची बोटं किंचित हलली. त्या टोकांना नखं होती, दिसतील न दिसतील अशी.

सिस्टरने बाळाला अलगद उचलून काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचला. तो कालच्यापेक्षा थोडा जास्त होता. धाकटीने तिला तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.